काशीतील संग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तू: अडीच हजार वर्षांचे शहर नेमके कोठे पाहावे?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

येत्या मार्गशीर्षात आई, नववीत शिकणारी मुलगी आणि मी असे तिघे काशीला जात आहोत. मुक्काम तीन-चार दिवसांचा असेल. आईने सत्तरी ओलांडली असून तिची देवदर्शने ठरलेली आहेत. विश्वेश्वर, अन्नपूर्णा, कालभैरव आणि बिंदुमाधव एवढे झाले की तुम्ही न्याल तिकडे मी येईन, असे तिने सांगून टाकले आहे. त्या उरलेल्या वेळासाठी हा प्रश्न विचारत आहे.

मला आणि मुलीला शहराचा इतिहास पाहायचा आहे, पण वाचायला बसल्यावर एक अडचण जाणवली. काशीविषयीचा कोणताही लेख उघडला, की जगातील सर्वांत प्राचीन नांदत्या शहरांत तिची गणना होते असे पहिल्याच परिच्छेदात सांगितलेले असते, आणि त्यापुढे पाहण्याजोग्या स्थळांची जी यादी येते तिच्यातील सनावळ्या मात्र १७८०, १७९१, १८३०, १९३१ अशा असतात. बुद्धाच्या काळी जे शहर भरभराटीला आलेले होते, त्याचे आज डोळ्यांना दिसेल असे काय शिल्लक आहे? कोणती संग्रहालये खरोखर वेळ देण्याजोगी आहेत, आणि ती कोणत्या क्रमाने पाहिली तर मुलीला हा इतिहास सलगपणे कळेल? घाटांच्या पायऱ्या आईला कितपत झेपतील, हेही जाणकारांनी सांगावे.

आणखी एक विचारतो. आमचे मूळ गाव औंधजवळचे. काशीच्या बिंदुमाधवाच्या मंदिराशी औंधच्या पंतप्रतिनिधींचा संबंध आहे, असे घरात ऐकत आलो आहे. अहिल्याबाईंचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. त्यापलीकडे महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या कोणत्या वास्तू तेथे आहेत?

उत्तर: शिळालेख

आपली शंका रास्त आहे, आणि ती मनात ठेवूनच काशीला जावे असे मला वाटते. आजच्या घाटांवर जे उभे आहे, त्यातील फारच थोडे सोळाव्या-सतराव्या शतकांच्या मागे जाते. ११९४ मध्ये घुरी सैन्याने शहर लुटले, १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले, आणि मधल्या काळातही पाडापाडी व पुनर्बांधणी चालूच होती. परंतु विध्वंस हे एकच कारण नव्हे. अतिप्राचीन वस्ती मुळात आजच्या गजबजलेल्या भागात नव्हतीच. ती उत्तरेस, वरणा गंगेला मिळते तेथील उंचवट्यावर, म्हणजे राजघाटच्या पठारावर होती, आणि मध्ययुगात शहराचे केंद्र हळूहळू दक्षिणेकडे सरकले. त्यामुळे दशाश्वमेधावर उभे राहून बुद्धकालीन वाराणसी शोधणे म्हणजे शनिवारवाड्यात सातवाहन शोधण्यासारखे आहे.

राजघाटची हकीकत थोडक्यात अशी. १९४० मध्ये काशी रेल्वे स्थानकाच्या विस्तारासाठी माती काढली जात असताना मुद्रा, मातीच्या मूर्ती आणि भांडी निघू लागली. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाने १९५७ पासून तेथे पद्धतशीर उत्खनन केले आणि इ.स.पू. ८०० च्या सुमारापर्यंत जाणारे थर उघडकीस आणले. येथे सापडलेल्या गुप्तकालीन मुद्रांवर वाराणसीच्या नगर-कचेरीचे नाव उमटवलेले आहे. हे शहर तेव्हा केवळ तीर्थ नव्हते, तेथे नोंदी ठेवणारा आणि मोहोर उठवणारा कारभार होता, हे त्यावरून कळते. आज त्या जागी इमारतींच्या पायाच्या बुटक्या भिंती, गवत आणि त्याच आवारात लाल खानाची १७७३ मधील कबर एवढेच दिसते. वाट वाकडी करून अर्धा तास द्यावा, अधिक नको.

खरा वेळ द्यावा तो सारनाथला. शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर असलेले हे ठिकाण बहुतेक सहली दुपारच्या दोन तासांत उरकतात, आणि त्यातही संग्रहालयात पंधरा मिनिटे घालवतात. माझी सूचना अशी, की सकाळी लवकर पोहोचून आधी उत्खननाचे आवार पाहावे आणि मग संग्रहालयात शिरावे. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. आवारात अशोकस्तंभाचा बुंधा मूळ जागी उभा आहे आणि त्यावर ब्राह्मी लिपीतील आज्ञा वाचता येण्याइतकी स्पष्ट आहे. जो भिक्षू किंवा जी भिक्षुणी संघात फूट पाडील, तिला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहावयास लावावे, असे सम्राटाने तिच्यात बजावले आहे. शाळेत अशोक शिकताना मुलांना कलिंग आणि पश्चात्ताप एवढेच सांगितले जाते. संघातील भांडणांनी हैराण झालेला, शिस्तीचा बडगा दाखवणारा अशोक तुमच्या मुलीला येथे भेटेल. त्याच बुंध्यावर पुढच्या शतकांत इतरांनीही आपले लेख कोरले आहेत, तेही पाहावेत. हा स्तंभ अखंड असताना सुमारे १५ मीटर उंच होता. ते आकारमान डोळ्यांपुढे आणून मग संग्रहालयात गेलात, की प्रवेशदालनातील, याच स्तंभाच्या माथ्यावरच्या सिंहशीर्षाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

हे सिंहशीर्ष १९०४-०५ च्या हंगामात एफ. ओ. ओर्टेल या स्थापत्य अभियंत्याने केलेल्या उत्खननात सापडले. चुनारच्या वालुकाश्मातील, दोन मीटरांहून थोडे अधिक उंचीचे हे काम इतके तुळतुळीत आहे की तेवीसशे वर्षांचा काळ त्याला लागलाच नाही असे वाटते. नाण्यांवर आणि सरकारी कागदांवर आपण जे बोधचिन्ह पाहतो, त्यात खालचे उमलते कमळ गाळलेले आहे. येथे ते आहे. चौथऱ्यावरील हत्ती, बैल, घोडा आणि सिंह हे चार प्राणी चालते आहेत आणि त्यांच्यामध्ये चोवीस आऱ्यांची चक्रे आहेत. सिंहांच्या डोक्यावर मुळात आणखी एक मोठे, बत्तीस आऱ्यांचे चक्र होते, ज्याचे केवळ तुकडे हाती लागले. म्हणजे सिंहांचे काम ते चक्र तोलून धरण्याचे होते. पूर्ण शिल्पात सर्वांत वरचे स्थान सिंहांना नव्हते, ही गोष्ट बोधचिन्ह पाहून कधीच लक्षात आली नसती.

त्याच दालनात भिक्षू बल याने कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी दान केलेला प्रचंड बोधिसत्त्व आहे. त्याचा दगड तांबडा आहे, कारण तो मथुरेकडचा आहे. एवढी मूर्ती घडवून ती मथुरेहून काशीपर्यंत आणली गेली, आणि ती पाहून स्थानिक कारागीर शिकले. पुढे तीनशे वर्षांनी त्याच परंपरेतून, पण चुनारच्या फिकट दगडात, धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्ध घडला. पाचव्या शतकातील या मूर्तीच्या पीठावर पहिले पाच शिष्य आणि त्यांच्या शेजारी एक स्त्री व एक बालक कोरलेले आहे. ती बहुधा दान देणारी असावी. तांबडा बोधिसत्त्व ताठ, छाती काढून उभा आहे आणि हा बुद्ध डोळे झुकवून स्वतःत मिटलेला आहे. या दोन मूर्तींमध्ये दोन-तीन वेळा ये-जा करा. भारतीय शिल्पकला कोठून कोठे गेली हे त्या दालनांच्या फरशीवर चालताना जेवढे कळते तेवढे पुस्तकातून कळत नाही.

१९१० मध्ये पूर्ण झालेली ही इमारतही पाहण्याजोगी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे हे सर्वांत जुने स्थळ-संग्रहालय असून त्याचा आराखडा अर्ध्या विहारासारखा आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. दूरवरून येऊन कुलूप पाहणारे लोक मी तेथे पाहिले आहेत.

उत्तर: घाटकरी

शिळालेख यांनी सारनाथविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्याजोगे थोडेच आहे. क्रमाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. "पुरातन ते खरे, बाकीचे अलीकडचे" अशी विभागणी त्यांच्या उत्तरातून सुचते, आणि ती मला मान्य नाही. अठराव्या शतकातली काशी ही जुन्या काशीची पडझड झालेली प्रत नव्हे. ती एक नवी रचना आहे, आणि तिचा बराचसा पैसा व पुढाकार आपल्याकडून गेलेला आहे.

यातली नवलाची बाब अशी, की काशीवर मराठ्यांचे राज्य कधीच नव्हते. पेशव्यांना ती हवी होती, पण ती अवधच्या नवाबांच्या ताब्यात राहिली आणि १७७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. जे शहर जिंकता आले नाही, तेथे पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर आणि औंध या ठिकाणांहून मंदिरे, घाट, वाडे आणि अन्नछत्रे उभी राहिली. पहिल्या दिवशी सूर्योदयाला नाव करून पंचगंगा घाटापासून दक्षिणेकडे निघावे, म्हणजे हा सगळा इतिहास उजव्या हाताला ओळीने उभा राहतो. घाट पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचे ऊन थेट दगडांवर पडते आणि शिल्पकाम स्पष्ट दिसते.

आपल्या औंधच्या प्रश्नाचे उत्तर पंचगंगेवरच मिळेल. जुने बिंदुमाधव मंदिर अतिशय भव्य होते आणि ते औरंगजेबाच्या काळात पाडले गेले. त्या जागी आज आलमगीर मशीद उभी आहे. सध्याचे, बाहेरून घरासारखे दिसणारे बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले, म्हणजे आपल्या घरात सांगितली जाणारी गोष्ट खरी आहे. मशिदीचे दोन उंच मिनार एकेकाळी सबंध शहराची ओळख होते. त्यातील एक १९४८ मध्ये कोसळला आणि दुसरा पुढे धोका नको म्हणून उतरवण्यात आला. घाटावर अहिल्याबाईंनी बांधलेली दगडी दीपमाळ आहे. तुळजापूर-जेजुरीची दीपमाळ पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. ती कार्तिक पौर्णिमेला पेटवतात, त्यामुळे मार्गशीर्षात आपल्याला ती तेवताना दिसणार नाही, पण गर्दीही लागणार नाही.

पंचगंगेला लागूनच ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट हे जुने महाराष्ट्रीय मोहल्ले आहेत. तेथील गल्ल्यांत नाना फडणिसांचा वाडा आहे. दक्षिणेकडे सरकले की नागपूरकरांचा भोसले घाट लागतो. त्याची उंच, किल्ल्याच्या तटासारखी दगडी भिंत आणि वरचे लक्ष्मीनारायण मंदिर नावेतूनच नीट दिसते. मग बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला शिंदे घाट. हा इतका जड झाला की त्याचा पाया नदीत खचला आणि विसाव्या शतकात ग्वाल्हेरकरांना तो पुन्हा बांधावा लागला. शेजारी कललेले रत्नेश्वर मंदिर आहे. त्याच्या कलण्याबद्दल नावाडी मातृऋणाची कथा सांगतील. ती ऐकावी, पण मुलीला घाट खचण्याचा मघाचा तपशीलही सांगावा. मणिकर्णिकेवरील बरेच बांधकाम अहिल्याबाईंचे आहे. तेथे नाव दुरूनच न्यावी आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा. दशाश्वमेधाला लागून अहिल्याबाई घाट आहे, आणि त्याच्याही पुढे अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला राजा घाट.

अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. त्यांच्याप्रमाणेच दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पाही काशीत राहिले. चिमाजीअप्पांच्या पदरी मोरोपंत तांबे होते, आणि म्हणूनच त्यांची कन्या मनुबाई, पुढची झाशीची राणी, काशीत जन्मली. अस्सी घाटाजवळ भदैनीत तिचे स्मारक आहे. पुतळा आधुनिक आहे, कलेच्या दृष्टीने त्यात विशेष काही नाही, पण पेशवाई संपल्यावर तिची माणसे कोठे पांगली हे तेथे उभे राहून सांगता येते.

देवदर्शनाच्या वेळी आईंना दोन-तीन गोष्टी अवश्य सांगा. विश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाईंनी बांधून पूर्ण केले. अन्नपूर्णेचे मंदिर थोरल्या बाजीरावांच्या काळातले. ज्ञानवापीवरचा स्तंभयुक्त मंडप १८२८ चा आणि तो पुन्हा बायजाबाईंचाच. त्याआधी सोळाव्या शतकात विश्वेश्वराचे मंदिर नव्याने उभारले गेले, तेव्हा त्यामागे अकबराचा दिवाण तोडरमल याच्या जोडीने नारायणभट्टांचे नाव घेतले जाते. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर आले, आणि त्याच पैठणच्या एकनाथांनी आपल्या भागवत टीकेचे लेखन १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. काशी आणि गोदाकाठ यांच्यातली ही ये-जा मराठी सत्तेच्या कितीतरी आधीची आहे.

उत्तर: वाटाड्या

दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत. मी फक्त चालण्या-बसण्याविषयी लिहितो, कारण वयस्कर माणसाला घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

पंचगंगेच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. नावेतून उतरून खालून वर चढत बिंदुमाधवाला जाण्याऐवजी शहराच्या बाजूने गल्लीतून जावे. चालणे थोडे अधिक होते, पण चढ टळतो. नावेत बसण्यासाठी अस्सी किंवा दशाश्वमेध सोयीचा, कारण तेथे रिक्षा घाटाच्या बऱ्यापैकी जवळ येते. नावेचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे, आणि ठरवताना केवळ तास न सांगता कोठून कोठपर्यंत जायचे ते घाटांच्या नावांनिशी सांगावे. अन्यथा मणिकर्णिकेपासूनच नाव परत फिरवली जाते. मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात सकाळी दाट धुके पडू शकते, तेव्हा सूर्योदयाचा हट्ट सोडून आठनंतर निघालेले बरे.

विश्वनाथाच्या आवारात भ्रमणध्वनी नेता येत नाही. त्या दिवशी संग्रहालय जोडून ठेवू नये, कारण रांगेला किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. २०२१ मध्ये झालेल्या नव्या प्रशस्त मार्गामुळे गंगेपासून मंदिरापर्यंतचे अंतर चालायला सुकर झाले आहे. जुन्या गल्ल्या गेल्या याची हळहळ मलाही वाटते, पण काठी टेकत चालणाऱ्या माणसाला विचारले तर उत्तर वेगळे मिळेल.

सारनाथचे आवार सपाट आहे. आईंना तेथे काहीच त्रास होणार नाही.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. औंधविषयीची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती आता बिंदुमाधवाला विश्वेश्वराच्या आधी जायचे म्हणते आहे.

दोन गोष्टी आणखी विचारतो. मुलीला गणित आणि खगोलशास्त्र यांची आवड आहे, म्हणून मानमहालातील वेधशाळा तिला दाखवावी असे मनात आहे. ती आज कोणत्या अवस्थेत आहे? दुसरे असे, की गंगेपलीकडील रामनगरच्या किल्ल्यातले संग्रहालय आणि विद्यापीठातले भारत कला भवन यांपैकी एकच जमण्यासारखे असेल तर कोणते निवडावे?

उत्तर: शिळालेख

आधी घाटकरी यांना उत्तर देतो. अठराव्या शतकाला दुय्यम ठरवण्याचा माझा हेतू नव्हता. मूळ प्रश्न बुद्धकालीन शहराविषयी होता आणि त्याचे उत्तर घाटांवर मिळत नाही, एवढेच मी म्हटले. क्रमाबाबत मात्र मी अजूनही सारनाथला आधी ठेवीन. घाटांवरचे सौंदर्य एकदा मनात भरले की उत्खननातल्या विटांकडे पाहण्याची इच्छा उरत नाही, हा माझा अनेक पाहुण्यांविषयीचा अनुभव आहे.

मानमहाल अवश्य दाखवा. आमेरच्या मानसिंहाने इ.स. १६०० च्या सुमारास हा वाडा बांधला आणि त्याच घराण्यातील सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात त्याच्या गच्चीवर वेधयंत्रे बसवली. सम्राट यंत्र, भित्तियंत्र, चक्रयंत्र, दिगंश यंत्र अशी नावे तेथे पाट्यांवर दिसतील. जयपूरच्या मानाने ही यंत्रे लहान आहेत आणि आज त्यांवरून अचूक वेध घेता येत नाहीत, परंतु तत्त्व समजण्यास ती पुरेशी आहेत. सम्राट यंत्राच्या, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाच्या, भिंतीचा उतार म्हणजे त्या जागेचे अक्षांश, काशीला सुमारे २५ अंश. साताऱ्यात हेच यंत्र बांधायचे झाले तर भिंत किती अंशांनी उतरती ठेवावी लागेल, हे तिला तेथेच विचारा. खालच्या मजल्यांवर २०१९ पासून दृक्‌श्राव्य माध्यमातून काशी दाखवणारे दालन सुरू झाले आहे. मुलांना ते आवडते. मला गच्चीवरची शांतता आणि नदीच्या बाजूचा मूळ दगडी सज्जा अधिक आवडतो.

सारनाथला गेल्यावर आणखी तीन गोष्टी दाखवायच्या राहू नयेत, त्या आधीच्या उत्तरात राहिल्या. वाटेवरच्या चौखंडी स्तूपावर विटांचा अष्टकोनी मनोरा आहे. तो १५८८ मध्ये तोडरमलाचा मुलगा गोवर्धन याने हुमायून तेथे येऊन गेल्याची आठवण म्हणून बांधला. बौद्ध स्तूपाच्या माथ्यावर मोगल बादशहाचे स्मारक, आणि बांधणारा हिंदू दिवाणाचा मुलगा. धमेक स्तूपावरचे भौमितिक नक्षीकाम गुप्तकालीन असून ते अर्धवट राहिलेले आहे. कोठे कोरीव काम थांबले ते जवळून पाहता येते. आणि धर्मराजिक स्तूपाचा आज केवळ पायाच दिसतो, कारण १७९४ मध्ये काशीच्या राजाचे दिवाण जगतसिंह यांच्या माणसांनी बाजार बांधण्यासाठी तो विटांकरिता खणून काढला. त्यात अस्थींचा करंडक निघाला आणि त्यातील अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. या घटनेची नोंद तेव्हाचा काशीचा इंग्रज रेसिडेंट जोनाथन डंकन याने केली म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे. हाच डंकन पुढच्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याची कबर मुंबईच्या सेंट थॉमस चर्चमध्ये आहे.

महाराष्ट्रातून सारनाथला येणाऱ्यांत बौद्ध यात्रेकरूंची संख्या मोठी असते. १९५६ च्या नोव्हेंबरात, धर्मांतरानंतर काही आठवड्यांनी, बाबासाहेब आंबेडकर काठमांडूहून परतताना येथे आले होते. १९३१ मध्ये उभारलेल्या मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांची भित्तिचित्रे आहेत. संग्रहालयातून दमून बाहेर आल्यावर त्या थंड सभागृहात आईंना निवांत बसता येईल.

उत्तर: लंकेवरचा

मी बनारस हिंदू विद्यापीठात शिकलो, तेव्हा कला भवनाच्या बाजूने माझे मत आहे हे आधीच सांगून टाकतो.

रामनगरचा किल्ला १७५० च्या सुमारास राजा बलवंतसिंहाने बांधला. वास्तू म्हणून, विशेषतः नदीतून पाहताना, तो सुंदर आहे. आतल्या संग्रहालयात पालख्या, अंबाऱ्या, शस्त्रे, जुन्या मोटारी आणि एक विलक्षण खगोलीय घड्याळ आहे, पण धूळ, अपुरा उजेड आणि नावापुरत्या पाट्या यांमुळे पाहणाऱ्याच्या पदरी फारसे पडत नाही. आश्विनात गेला असता तर रामलीलेसाठी मी रामनगरच सुचवले असते. मार्गशीर्षात जाणाऱ्याने तेथील लालबहादूर शास्त्रींचे साधेसे घर पाहावे. आता त्याचे संग्रहालय केले आहे.

भारत कला भवन रायकृष्णदास यांनी १९२० मध्ये स्थापन केले आणि १९५० मध्ये ते विद्यापीठाकडे आले. कृष्णाकाठ यांच्या मूळ प्रश्नाशी या संग्रहालयाचा थेट संबंध आहे, कारण राजघाटच्या मातीतून निघालेली मृण्मय मस्तके येथे आहेत. मूठभर आकाराच्या या चेहऱ्यांवरील केशरचना पाहण्यातच अर्धा तास जातो. गुप्तकाळातील नागर स्त्री-पुरुष कसे दिसत याचा इतका जिवंत पुरावा मला इतरत्र दिसलेला नाही. शहरातच बकरिया कुंडाजवळ सापडलेला, गोवर्धन उचललेला गुप्तकालीन कृष्ण हीदेखील येथली ठेव आहे. तो जवळजवळ पुरुषभर उंच आहे, आणि पर्वत पेलण्याचा कसलाही ताण त्याच्या अंगावर नाही. लघुचित्रांचा संग्रह भारतातील उत्तम संग्रहांत गणला जातो. अस्सीवर राहून आयुष्याची चार दशके काढलेल्या स्विस चित्रकर्ती अ‍ॅलिस बोनर यांचे दालन आणि बनारसी वस्त्रांचे दालनही चुकवू नये. कला भवन रविवारी आणि विद्यापीठाच्या सुट्ट्यांना बंद असते, आणि दुपारी साडेचारच्या सुमारास ते आवरू लागतात, त्यामुळे जेवणाच्या आधीच पोहोचावे.

कोणीच न सुचवलेले एक स्थळ सांगतो. विद्यापीठाच्या पश्चिमेस, काशीच्या प्रदक्षिणेच्या पंचक्रोशी मार्गावरील पहिल्या मुक्कामाला कंदवा येथे कर्दमेश्वराचे मंदिर आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास, गाहडवाल राजांच्या काळात बांधलेले हे मंदिर विध्वंसातून वाचले, आणि वाराणसी परिसरात शिखरासह उभे असलेले एवढे जुने मंदिर दुसरे नाही. शेजारी मोठे कुंड आहे, बाहेरच्या भिंतींवर कोनाड्यांतून मूर्ती आहेत, आणि सकाळी गेलात तर पुजाऱ्याखेरीज कोणी भेटत नाही. ११९४ च्या आधीची काशी कशी दिसत असेल, याची कल्पना कला भवनातील सुट्या मूर्तींवरून करावी लागते. येथे त्या मूर्ती आपापल्या भिंतीवर जागच्या जागी आहेत. कला भवनापासून रिक्षाने हे अंतर फार नाही. रिक्षावाल्याला कंदवा पोखरा सांगावे आणि परतीसाठी त्यालाच थांबवून ठेवावे, कारण तेथून सहसा दुसरी रिक्षा मिळत नाही.